पथ्य कोणाचे?

मनुष्य अन्नावाचून राहतो तो तीन रीतींनी. स्वेच्छेने राहिला तर त्यास आपण उपवास म्हणतो. वैद्याच्या आज्ञेने राहिला तर पथ्य म्हणतो. आणि घरात दाणाच नाही म्हणून राहिला तर ती उपासमार होय. पोटाला या तिन्हींतील भेद कळत नाही. मनाला मात्र तो पुरता कळतो. एकादशीस दिवसभर निराहार राहून प्रसन्न असणारा गृहस्थ द्वादशीस ताट अर्धा घटका उशिरा आले तर घर डोक्यावर घेतो. आमच्या जालना जिल्ह्यास या तिन्ही प्रकारांचा जुना परिचय आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारे हात, त्या हातांवर पडलेली सुकडी आणि परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची तांबूस भाकरी ज्यांनी लहानपणी पाहिली, ती माणसे आज आजी-आजोबा झाली आहेत. त्यांच्या लेखी पोराच्या ताटात घास वाढणे ही नुसती माया नव्हे; एका जुन्या भयास दिलेले ते रोजचे उत्तर आहे.

या तीन प्रकारांच्या मध्ये एक चौथा प्रकार आहे, आणि त्याचा विचार आपण सहसा करीत नाही. एकाने दुसऱ्यावर, त्याच्याच हितासाठी, परंतु त्यास न विचारता लादलेले पथ्य, हा तो प्रकार. त्यात उपवासाचे पुण्य नाही, कारण त्याग करणाऱ्याने तो निवडलेला नसतो. आणि ती उपासमारही नव्हे, कारण शेजारच्या चुलीवर अन्न रटरटत असते. अशा पथ्याचा अधिकार कोणास, कितपत, आणि कोणत्या अटींवर, हा प्रश्न एका लहान मुलीने आमच्यापुढे टाकला. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिचे वडील आमचे जुने विद्यार्थी. घनसावंगी तालुक्यातील एका गावी प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत. घरी थोडी शेती आणि मोसंबीची बाग आहे.

मुलगी पाच वर्षांची असता तिला फेफऱ्याचा विकार जडला. दिवसातून अनेकदा मान झुके, हात एकाएकी आखडत, आणि क्षणभर ती जणू घरात नसे. एक औषध झाले, दुसरे झाले, तिसरे झाले. औषधांनी गुंगी वाढली, झटके मात्र फारसे हटले नाहीत. अखेरीस मुंबईच्या एका डॉक्टरांनी सांगितले की औषधे चालू ठेवून आहार बदलून पाहावा. भात, भाकरी, पोळी, गूळ, साखर, फळे जवळजवळ बंद. तूप, लोणी, खोबरे, पनीर, अंडी आणि मोजक्या पालेभाज्या यांवर मुलीने राहावयाचे. आणि प्रत्येक जिन्नस काट्यावर तोलून द्यावयाचा. ज्या घराच्या अंगणात मोसंबीचे ढीग लागतात, त्या घरच्या मुलीने मोसंबीची फोड तोंडात घालावयाची नाही.

झटके कमी होऊ लागले. पाच महिन्यांनी पोळ्याचा सण आला. बैलांना न्हाऊ घातले, शिंगे रंगविली, आणि रिवाजाप्रमाणे त्यांच्यापुढे पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला. मुलगी दारात उभी राहून पाहत होती. आम्ही त्या दिवशी त्या घरी पाहुणे होतो. आजी आमच्याकडे वळून म्हणाल्या, "सांगा मास्तर, बैलाला पुरणाची पोळी अन् माझ्या लेकराला नाही, हा कुठला धरम?" आम्हांस उत्तर सुचले नाही. दुपारी सर्वांची नजर चुकवून आजींनी नातीला अर्धी पोळी भरविली. त्या रात्री मुलीस झटका आला, आणि पुढील दोन दिवसांत आणखी काही आले. पोळीमुळेच आले असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. हा विकार मुळातच लहरी आहे. परंतु मुलाच्या तोंडून आपल्या आईस जे शब्द गेले ते जावयास नको होते. आजी त्यानंतर कित्येक दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. आणि मुलगी, जिच्यासाठी हे सर्व चालले होते, ती आम्हांस एवढेच म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही."

या वाक्याचा आम्ही पुष्कळ दिवस विचार करीत आहोत. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी या आहाराचे स्वरूप वाचकांस थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कारण वस्तुस्थिती न जाणता केलेला नीतिविचार हा बहुधा भावनेचा नुसता फुगारा ठरतो.

अपस्मार हा शब्दच अर्थपूर्ण आहे. स्मृती निघून जाणे, हा त्याचा मूळ अर्थ. चरकसंहितेत या विकारास स्वतंत्र अध्याय आहे. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटीसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहातील एका निबंधात, लोक ज्यास पवित्र रोग म्हणतात तो इतर रोगांहून अधिक दैवी नाही, असे सुमारे चोवीस शतकांपूर्वी प्रतिपादिलेले आहे. एवढ्या जुन्या काळी सुटलेली गाठ आपल्या समाजात मात्र अद्याप पुरती सुटलेली नाही. कांदा हुंगवावा, चामड्याचे पायताण नाकाशी धरावे, हातात किल्ल्या द्याव्यात, हे उपाय रस्त्यावर अजून पाहावयास मिळतात. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार झटके येणे ही विवाहास बाध आणणारी गोष्ट मानली होती. तो शब्द कायद्यातून गळावयास १९९९ साल उजाडावे लागले. जगात या विकाराचे सुमारे पाच कोटी रुग्ण आहेत असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. योग्य निदान आणि औषध मिळाल्यास त्यांपैकी शंभरात सत्तर झटक्यांपासून मुक्त राहू शकतील. आमचा प्रश्न उरलेल्या तिसांचा आहे. आणि त्या तिसांत आमच्या विद्यार्थ्याची मुलगी होती.

उपाशी राहिल्याने फेफऱ्याचे झटके थांबतात, हे अनुभवाने पुष्कळांस ठाऊक होते. १९११ साली पॅरिस येथे गेल्पा आणि मारी या दोघा डॉक्टरांनी तसा अनुभव प्रसिद्ध केला. परंतु मनुष्य किती दिवस उपाशी राहणार? १९२१ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमधील डॉ. रसेल वाइल्डर यांनी एक मार्मिक कल्पना मांडली. उपवासात शरीर साठविलेली चरबी जाळते, आणि त्या ज्वलनातून यकृतात कीटोन नावाची द्रव्ये तयार होतात. साखर दुर्मीळ झाली म्हणजे मेंदू त्या द्रव्यांवर आपली गुजराण करतो. मग उपवास न करता, आहारात स्निग्ध पदार्थ भरपूर आणि पिष्टमय पदार्थ अत्यल्प ठेवून शरीरास उपवासाचा भास का करून देऊ नये? या आहारास त्यांनी कीटोजेनिक, म्हणजे कीटोन उत्पन्न करणारा, असे नाव दिले. त्याचा शिष्टसंमत प्रकार चारास एक या प्रमाणाचा असतो. म्हणजे चार ग्रॅम स्निग्धांश आणि एक ग्रॅम प्रथिने व कर्बोदके मिळून. एक ग्रॅम स्निग्धांशापासून नऊ उष्मांक मिळतात आणि प्रथिने वा कर्बोदके यांच्या एका ग्रॅमपासून चार. तेव्हा चाळीसांपैकी छत्तीस, म्हणजे शेकडा नव्वद उष्मांक एकट्या स्निग्धांशातून येतात. झटके कशाने थांबतात याची उपपत्ती एकच नाही. मेंदूतील उत्तेजन आणि संयम यांचा तोल या स्थितीत संयमाकडे झुकतो, असा तिचा सारांश सांगता येईल.

मराठवाड्याच्या ताटास हे गणित किती परके आहे ते पाहा. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे सत्तर ग्रॅम कर्बोदके असतात. पन्नास ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर तीत पस्तीस ग्रॅम झाली. या आहाराच्या सौम्य प्रकारात, ज्यास सुधारित अ‍ॅटकिन्स आहार म्हणतात, मुलास आरंभी दिवसास दहा ग्रॅम कर्बोदकांची मुभा असते. म्हणजे एका भाकरीत साडेतीन दिवसांची मुभा संपली. ज्या भूमीत भाकर हा शब्दच अन्नाचा पर्याय झाला आहे, तेथे भाकरीवाचून जगावयास सांगणे म्हणजे मुलास आपल्या मातृभाषेवाचून बोलावयास सांगण्यासारखे आहे.

१९३८ साली फेनिटॉइन हे औषध उपलब्ध झाले आणि हा आहार मागे पडला. गोळी गिळणे सोपे, लोणी तोलणे अवघड. मनुष्यस्वभावाने सोप्याची निवड केली. अर्धे शतक हा उपाय थोड्या रुग्णालयांत कसाबसा तग धरून राहिला. १९९३ साली हॉलिवुडचे एक चित्रपट-दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांचा लहान मुलगा चार्ली औषधांनी बरा होईना, तेव्हा पित्याने स्वतः ग्रंथालयात बसून या उपायाचा शोध लावला आणि मुलास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. जॉन फ्रीमन यांच्याकडे नेले. मुलगा बरा झाला. पित्यास आनंद झाला तसा संतापही आला: हा उपाय अस्तित्वात असता आपणांस कोणी सांगितला का नाही? त्या संतापातून त्याने संस्था काढली, चित्रपट काढला आणि विसरलेला उपाय पुन्हा जगापुढे आणला.

आपल्याकडेही तो लवकरच पोहोचला. मुंबईत बालकांच्या मज्जाविकारांचे तज्ज्ञ डॉ. जनक नाथन यांनी भारतीय, शाकाहारीसुद्धा, स्वयंपाकास जुळेल असे त्याचे रूप बसविले व ते अनेक वर्षे चालविले. परंतु एकेकट्या रुग्णाचा अनुभव हा पुरावा नव्हे. पुरावा मिळाला तो अलीकडे. २००८ साली इंग्लंडमध्ये १४५ मुलांवर झालेल्या परीक्षणात, तीन महिन्यांनंतर, आहार घेणाऱ्या गटापैकी शेकडा ३८ मुलांचे झटके निम्म्याहून अधिक घटले. आहार न घेणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ६ होते. २०१३ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी १०२ मुलांवर सुधारित अ‍ॅटकिन्स आहाराचे परीक्षण प्रसिद्ध केले. त्यात हेच प्रमाण ५२ विरुद्ध साडेअकरा असे पडले. २०२० साली त्याच संस्थेने १७० मुलांत तीन आहारांची तुलना केली. चोवीस आठवड्यांनी कडक आहारात झटक्यांची मध्यम घट शेकडा ६६, सुधारित अ‍ॅटकिन्समध्ये ४५ आणि त्याहून सैल अशा तिसऱ्या प्रकारात ५४ आढळली. दुष्परिणाम मात्र त्या सैल प्रकारात सर्वांत कमी होते. या आकड्यांत चमत्कार नाही, आणि आम्हांस तीच त्यांची विश्वासार्हता वाटते. निम्म्या मुलांस उपयोग होतो, निम्म्यांस होत नाही. पूर्ण मुक्त होणारी थोडीच. उलट पक्षी बद्धकोष्ठ, उलट्या, मूत्रखडे, रक्तातील चरबीची वाढ आणि मुलाची वाढ मंदावणे, हे या उपायाचे मोल आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मुलीस न विचारता तिचा घास काढून घेण्याचा अधिकार आईबापांस होता काय?

सरळ उत्तर असे दिले जाईल की मूल अज्ञान आहे. त्यास आपले हित कळत नाही. कडू औषध पाजताना आपण त्याची संमती घेतो काय? हे उत्तर खरे आहे, परंतु पुरेसे नाही. कडू औषध क्षणात गिळून होते, आणि मागाहून मूल इतर मुलांत मिसळते. आहाराचे पथ्य तसे नाही. ते प्रत्येक जेवणाला, प्रत्येक वाढदिवसाला, शाळेतील खिचडीच्या प्रत्येक पंगतीला मुलास वेगळे काढते. अन्न ही आपल्याकडे केवळ शरीराची सरपण-काडी नाही. ती नात्याची भाषा आहे. प्रसाद नाकारणे म्हणजे देवळास पाठ दाखविणे; शेजारणीने दिलेला लाडू परत करणे म्हणजे शेजार मोडणे. म्हणून या पथ्यात मूल जे सोडते ते केवळ गोड नव्हे. काही अंशी ते आपले माणसांतले स्थान सोडते. आजींचा राग या हानीसाठी होता. त्यांस अडाणी म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु त्यांनी पाहिलेली हानी खरी होती. ती कोणत्याही परीक्षणाच्या कोष्टकात बसत नाही, एवढेच.

तरीही आजींचे कृत्य आम्हांस चुकीचे वाटते, आणि का ते सांगितले पाहिजे. दया दोन प्रकारची असते. एक समोर दिसणाऱ्या दुःखाने हलते. दुसरी न दिसणाऱ्या दुःखाची वाट अडविते. पोळ्याच्या दिवशी मुलीचे टपोरे डोळे समोर होते. रात्रीचा झटका समोर नव्हता. दिसणाऱ्या दुःखास धावणारी दया अधिक सुंदर दिसते, म्हणून तीच अधिक खरी असे आपण मानतो. परंतु रोज दहा वेळा क्षणभर हरपणाऱ्या मुलीचे जे जाते, शिकणे, खेळणे, पडण्याच्या भयावाचून चालणे, ते एका पोळीहून मोठे आहे. ते कोणास दिसत नाही, कारण जे घडलेच नाही त्याचे चित्र कोणी काढू शकत नाही.

यावर कोणी विचारील: उपयोगाची शाश्वती असती तर गोष्ट वेगळी, निम्म्या मुलांस जो उपाय लागू पडत नाही, त्यासाठी एवढी सक्ती न्याय्य कशी? येथे आम्हांस इतिहासातील एक मुलगी आठवते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ हिला १९१९ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, मधुमेह जडला. तेव्हा इन्सुलिन नव्हते. त्या जातीचा मधुमेह झालेले मूल लवकरच दगावे. डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांची चिकित्सा एकच होती: अन्न इतके तोडावयाचे की मूल केवळ तग धरील. तीन वर्षे ती मुलगी अशा आहारावर राहिली. तिचे वजन सुमारे वीस किलोपर्यंत उतरले. तिच्या मातापित्यांपुढे कसलेही वचन नव्हते. १९२२ साली टोरांटो येथे इन्सुलिन सिद्ध झाले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिला ते मिळाले, आणि ती १९८१ पर्यंत जगली. परंतु तिच्याबरोबर तसेच उपाशी ठेवलेली कित्येक मुले इन्सुलिन येण्यापूर्वीच गेली. त्यांच्या आईबापांनी केले ते चूक होते काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. कृतीचे औचित्य फळावर ठरत नाही. करणाऱ्याने त्या वेळी जे जाणणे शक्य होते ते प्रामाणिकपणे जाणून घेतले की नाही, यावर ते ठरते. जे आईबाप आशेवर पथ्य लादतात ते दोषी नव्हेत. आशा संपल्यावरही केवळ हट्टाने ते चालू ठेवणारे मात्र दोषी होत.

यावरून पहिली अट निघते. लादलेल्या पथ्यास मुदत हवी. तीन महिन्यांच्या सुमारास उपयोग दिसला नाही तर तज्ज्ञांच्या सल्ल्याने ते सोडावे, आणि दिसला तर साधारण दोन वर्षांनी हळूहळू सैल करून पाहावे, हा डॉक्टरांचा संकेत नीतीच्या दृष्टीनेही योग्य आहे. कारण दुसऱ्याचे स्वातंत्र्य उसने घेतले असेल तर ते परत करण्याचा दिवस ठरलेला असावा. दुसरी अट ही की जो लादतो त्याने वाटा उचलावा. बापाने समोर बसून जिलेबी खावी आणि मुलीस लोण्याचा गोळा द्यावा, हे शास्त्रदृष्ट्या निर्दोष असेल. मनुष्यधर्माच्या दृष्टीने ते हीन आहे. तिसरी अट त्या मुलीनेच सांगितली. संमती देण्याचे वय नसते तेव्हाही ऐकण्याचे वय असते. पाच वर्षांच्या मुलास कीटोन समजणार नाहीत, परंतु "तुझी मान झुकते ती थांबावी म्हणून आपण हे करून पाहणार आहोत, पनीर आधी खाशील की अंडे?" एवढे समजते. मोठा निर्णय आपण घेतला तरी लहान निर्णय त्याच्या हाती ठेवता येतात. आणि ज्याच्या हाती काहीच नाही तो मनुष्य कैदी होय, रुग्ण नव्हे.

या विचाराची दुसरीही एक बाजू आहे, तिच्याकडे डोळेझाक करणे बरे नव्हे. आमच्या विद्यार्थ्यास पगार होता, सुटी काढता आली, मुंबईच्या गाडीत बसता आले, तूप विकत घेता आले. आमच्याच जिल्ह्यात ऊसतोडीस जाणारी कुटुंबे आहेत. त्यांची मुले वर्षाचे पाच-सहा महिने पालात राहतात. तेथे काटा कोठे टांगावयाचा? ज्याच्या घरी भाकरी हेच स्वस्तातले स्वस्त अन्न आहे, त्यास भाकरी सोडून लोणी खावयास सांगणे ही थट्टा होईल. गोळीचे भाग्य असे की तिचा एक मालक असतो. तो ती विकतो, तिची कीर्ती गातो, आणि खेडोपाडी पोहोचवितो. तुपाच्या आहाराचा मालक कोणी नाही. म्हणून त्याची वकिली करणारा कोणी नाही. ज्या उपायातून कोणास नफा नाही, तो पोहोचविणे हे समाजाचेच कर्तव्य ठरते. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात या विषयाचा जाणता एक आहारतज्ज्ञ असावा, ही मागणी चैनीची नाही. दिल्लीच्या परीक्षणाने सौम्य आणि कमी तोलमापाचे आहारही उपयोगी पडू शकतात असे दाखविले, यात आम्हांस त्याचे खरे मोल वाटते. कारण थोड्यांस मिळणाऱ्या उत्तम उपायापेक्षा पुष्कळांस मिळणारा मध्यम उपाय कित्येकदा अधिक न्याय्य असतो.

सुशिक्षित वाचकांस येथे एक कानगोष्ट सांगणे प्राप्त आहे. या आहाराचे नाव हल्ली आपल्या घरांत निराळ्याच कारणाने घेतले जाते. अंग उतरविण्यासाठी भात सोडून पनीरचे तुकडे मोजणारी मंडळी दिवाणखान्यात आपापले अनुभव सांगतात. त्यांच्या निवडीस आमची हरकत नाही. तो उपवासाचा एक प्रकार समजावा. परंतु एकाचे अमृत दुसऱ्यास विष ठरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही. मेंदूस साखर पोहोचविणारा वाहक जन्मतः सदोष असलेल्या मुलांत हा आहार हीच मुख्य चिकित्सा आहे. पायरुवेट डिहायड्रोजनेस या वितंचकाच्या न्यूनतेतही तो उपयोगी पडतो. उलट, ज्यांच्या शरीरास स्निग्धाम्ले जाळताच येत नाहीत अशा जन्मजात विकारांत हाच आहार प्राणघातक होऊ शकतो. दोन्ही मुले बाहेरून सारखी दिसतील. भेद रक्ताच्या तपासणीत कळतो. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने किंवा फेफऱ्याची औषधे चालू असलेल्याने डॉक्टरांस न विचारता हा प्रयोग करणे, अथवा आहारावर विसंबून औषध एकाएकी थांबविणे, हा निव्वळ अविचार होय. तशीच दुसरी एक भ्रांती. चरकाने अपस्मारात पंचगव्य घृत सांगितले आहे, म्हणून आपल्या पूर्वजांस हे सर्व ठाऊकच होते, असे म्हणणारे स्नेही आम्हांस भेटतात. औषधी तुपाची मात्रा आणि शेकडा नव्वद उष्मांकांचा आहार या दोन वस्तू एक नव्हेत. जे पूर्वजांनी केले त्याचा मान ठेवावा. जे त्यांनी केले नाही ते त्यांच्या पदरी बांधणे हा त्यांचा मान नव्हे.

असो. त्या घरी पुढे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करू. पोळ्यानंतर महिन्याभराने आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा आजी स्वयंपाकघरात काट्यापुढे बसल्या होत्या. चष्मा नाकावर ओढून त्या लोण्याचा गोळा तोलीत होत्या, आणि सून आकडा वाचून दाखवीत होती. त्यांनी स्वतः गोड सोडले होते. आम्ही विचारले, "आजी, तुमच्या सोडण्याने तिचे झटके थोडेच थांबणार?" त्या म्हणाल्या, "तिचं थांबू नाही तर न थांबू, मास्तर. पर एकटीनं का म्हणून सोडावं?" तर्काच्या काट्यावर या वाक्याचे वजन शून्य आहे, हे आम्हांस कळते. परंतु जे मुलीवर लादलेले पथ्य होते त्याचा त्या दिवसापासून घरचा उपवास झाला, आणि त्यातील निम्मे जड ओझे उतरले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

मुलगी पुरती बरी झालेली नाही. पूर्वी दिवसास जितके झटके येत तितके आता महिन्यास येतात. ती शाळेत जाते, पाढे म्हणते, आणि काटा कसा वाचावयाचा हे तिला आजीहून चांगले येते. येत्या पोळ्यास दोन वर्षे होतील. आहार हळूहळू सैल करावा असे डॉक्टर म्हणत आहेत. सैल केल्यावर झटके परत येतील की नाही, हे तेव्हाच कळेल. या खेपेस मात्र घरच्यांनी ठरविले आहे की प्रथम तिला विचारावयाचे. मागच्या भेटीत आम्ही सहज म्हटले, "भाकरी मिळाली की पहिला घास कशाशी खाशील?" तिने थोडा विचार केला आणि उत्तर दिले, "आधी आजी गोड खाईल का ते सांगा."